हरवलेली पायरी

हैदराबादेत सरूरनगर तलावाच्या खालच्या अंगाला आमचं घर. तलाव भरला की जादा पाणी नाल्याने मुसी नदीकडे निघतं. आमची कॉलनी त्याच वाटेवर. लग्न होऊन आले तेव्हा ओटा रस्त्यापासून तीन पायऱ्या उंच होता. जुना रस्ता न खरवडता वर नवे थर पडत गेले आणि पायऱ्या गडप झाल्या. आम्ही मात्र नव्या रस्त्यावर खूश! स्कूटर चढवायला मीच गटारावर फरशी टाकून घेतली.

13 ऑक्टोबर 2020 च्या रात्री पाऊस थांबेना. रस्त्यावरचं पाणी थेट स्वयंपाकघरात आलं. सासूबाईंना उचलून शेजाऱ्यांच्या माडीवर नेलं. नंतर फरशी फोडली, तर खाली गटार गाळाने आणि प्लास्टिकने गच्च!

आता मृगाआधी सगळी घरं मिळून गटार उपसतो. गाळ काठावर ठेवत नाही, पहिल्या सरीतच तो परत आत जातो. फरशीऐवजी उचलता येणारी जाळी बसवली. रस्त्याचं काम निघालं की आधी खरवडायला लावतो.

गेल्या खेपेला खरवडल्यावर आमची एक पायरी वर आली. सासूबाई मुद्दाम तिच्यावर जाऊन बसल्या.