झाडाला टांगलेला टायर

आपल्याकडे रस्त्यावर अंतर मोजायची दोन मापं आहेत. एक सरकारी, म्हणजे मैलाचा दगड. दुसरं, फांदीला टांगलेला म्हातारा टायर. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं 'पंचर' किंवा 'पंक्चर', रंगवणाऱ्याला जसं उमगलं तसं. खाली पाण्याचं घमेलं, धडधडणारा कॉम्प्रेसर आणि हायवेवर पुष्कळदा केरळातून येऊन इथलाच होऊन गेलेला एखादा कारागीर. नगर असो की नांदेड, हा टायर दिसत राहतो तोवर मोटरसायकलवाला निर्धास्त असतो. माझ्या लेखी लांबची सफर सुरू होते ती हे टायर विरळ व्हायला लागले की.

मनालीहून लेहला निघालेल्यांना टांडीच्या पेट्रोल पंपावरची पाटी ठाऊक असते: पुढचा पंप 365 किलोमीटरवर. जो तो तिच्याशेजारी उभा राहून फोटो काढतो, कॅन भरून घेतो. पंक्चरवाल्याची अशी पाटी कुणी लावलेली नाही. केलाँग, जिस्पा मागे पडलं की तंबूतल्या ढाब्यांवर चहा मिळेल, मॅगी मिळेल, अंगावर घ्यायला जाडजूड रजई मिळेल. चाकाचं ज्याचं त्यानं बघायचं. एखाद्या तंबूत पंप निघतोही, पण त्या भरवशावर बारालाचाची खिंड चढू नये.

म्हणून पिशवी भरायची. आधी आपलं चाक कुठल्या जातीचं ते पाहायचं. ट्यूबलेस असेल तर काम निम्मं: टोच्या, चिकट दोऱ्या, सोल्युशन आणि हवा भरायचं साधन. खिळा दिसला म्हणून लगेच उपटायचा नाही, तोच भोकाला बूच होऊन बसलेला असतो. तारांच्या चाकात मात्र बहुतेक वेळा ट्यूब असते आणि तिला भोक पडलं की हवा व्हॉल्व्हच्या छिद्रातून, तारांच्या मुळांतून भसकन निघून जाते. अशा चाकासाठी टायर उचकटायच्या पट्ट्या, चाकाच्या नटाला नेमका बसणारा पाना, ठिगळं, घासायला कानशीचा तुकडा आणि शक्यतो एक नवी ट्यूब लागते. सोल्युशनची नळी नवीकोरीच घ्यावी; एकदा उघडलेली नळी पुढच्या मोसमापर्यंत आतल्या आत वाळून जाते, आणि हे कळतं ते नेमकं नको त्या वेळी. ट्यूबमध्ये आधीच ओतून ठेवायचं ते हिरवं औषध मला आवडत नाही. बारीक काट्याला ते पुरतं, पण मोठं भोक पडलं की आत सगळा राडा होतो आणि त्या बुळबुळीवर ठिगळ धरत नाही.

पण पिशवीपेक्षा हात तयार हवेत, आणि ते घरीच होतात. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये धडधाकट चाक काढून बसलात की पहिल्या मजल्यावरचे काका हटकून खाली येतात. "अहो, कोपऱ्यावर पंक्चरवाला आहे की!" आहे, काका, म्हणूनच इथे करून बघतोय. मग तेच काका पट्टी धरायला खाली बसतात आणि लॅम्ब्रेटाच्या काळात आपण हे कसं चुटकीसरशी करायचो ते सांगू लागतात. लॅम्ब्रेटाला मागे स्टेपनी असायची, ही आठवण त्यांना करून देऊ नये.

या कामात दांडगाईचा उपयोग नाही. टायरची कड रिमला घट्ट बसलेली असते. ती सुटत नसेल तर दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड तिच्यावर टेकवून ती गाडी हळूच त्या बाजूला कलती करायची. कड सुटली की पट्टी घालून उचकटायला जातो आणि टायर इंचभर हलत नाही. तेव्हा गंमत पलीकडच्या बाजूला असते. रिमच्या मधोमध खोलगट भाग असतो. समोरची कड गुडघ्याने त्या खोलगटात ढकलली की अलीकडे तेवढी ढिलाई मिळते आणि पट्टी लोण्यातून फिरावी तशी फिरते. ट्यूब निघाली की टायरच्या आतून फडकं फिरवायचं. काटा तिथेच दबा धरून असतो. तो न काढता नवी ट्यूब घातली तर तिचीही तीच गत. परत बसवताना चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं.

ही सगळी उस्तवार स्वाराच्या हाती आली त्यालाही इतिहास आहे. 1888 मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या पशुवैद्यानं मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं चाक केलं, पण सुरुवातीचे असे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर झालं की दुरुस्तीला काही तास आणि वर गोंद वाळायला रात्र. फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी 1891 मध्ये सुटा होणारा टायर आणला आणि पुढच्या वर्षी पॅरिस ते क्लेरमाँ अशी सायकल शर्यत लावली. त्या वाटेवर त्यांनी स्वतःच खिळे पेरून ठेवले होते म्हणतात, पंक्चर काढणं किती सोपं झालंय ते लोकांनी बघावं म्हणून! आपल्याकडे ही तसदी कुणाला घ्यावी लागली नाही. बाभळीचा काटा आणि बैलाच्या पत्रीचा खिळा पिढ्यान्‌पिढ्या हे काम विनामूल्य करत आले आहेत. पावसाळ्यात तर जास्तच, कारण ओल्या रबरात टोक सहज घुसतं. आणि शिक्षा बहुधा मागच्या चाकाला: पुढचं चाक आडवा पडलेला खिळा उडवून उभा करतं, मागचं त्याच्यावर जाऊन बसतं. वर सामानाचा भारही त्याच्यावरच.

आता पुन्हा लेहच्या वाटेवर. बारालाचा 4,800 मीटरहून उंच. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडाच जास्त. हातपंपाच्या प्रत्येक दट्ट्याला पार्किंगमधल्यापेक्षा कितीतरी कमी हवा आत जाते, आणि मारणाऱ्याच्या छातीतही तेवढीच कमी येते. दहा दट्टे मारायचे, थांबायचं, पुन्हा दहा. घाई केली तर डोकं गरगरतं. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेतला तर त्याला कुणी भित्रेपणा म्हणू नये.

एवढी जय्यत तयारी करून निघालेल्या माणसाची पिशवी पहिल्यांदा उघडते ती बहुतेक दुसऱ्याच्या चाकासाठी. याच वाटेवरच्या मोरे मैदानाच्या लांबलचक सरळ पट्ट्यात कुणीतरी हेल्मेट काढून, गाडीकडे पाठ करून उभा असतो. त्याला बाकी काही विचारायचं नाही. ट्यूब कितीची, एवढंच. पुढच्या चाकाची 21 इंची ट्यूब 17 इंची मागच्या चाकात जरा घडी घालून अडीअडचणीला बसते. उलटं करायला जाऊ नये. लेहला पोहोचल्यावर बदलून घे, तोवर चाळीसच्या वर नको, असं सांगायचं आणि पंप त्याच्या हातात द्यायचा.