विंचवाचं बिऱ्हाड

मी मुळातच घरकोंबडा माणूस. उन्हाळ्याच्या सुट्टीत उत्तरपत्रिका आणि दिवाळीच्या सुट्टीत दिवाळी अंक, एवढं जमलं की माझी सुट्टी सत्कारणी लागते. आमची ही गेली अठरा वर्षं 'काश्मीर, काश्मीर' म्हणते आहे आणि मी गेली अठरा वर्षं 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणतो आहे. तेव्हा हाच मी २०२३ च्या ऐन नाताळात अमेरिकेतल्या एका वाळवंटात, समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोनशे फूट खाली, तंबूत कुडकुडत पडलो होतो असं सांगितलं, तर आमच्या स्टाफरूममध्ये कुणाचा विश्वास बसत नाही. 'खाली?' असं भूगोलाचे सहकारी तेवढं आवर्जून विचारतात. हो, खालीच. त्या जागेचं नावच मुळी डेथ व्हॅली. मृत्यूचं खोरं! सुट्टी घालवायला दुसरी जागा मिळाली नाही का, असं कुणीही विचारील.

पण मी सुट्टी घालवायला गेलोच नव्हतो. मी ताईला परत आणायला गेलो होतो.

ताई लग्न होऊन तिकडं गेली त्याला आता तीस वर्षं झाली. लॉस एंजलिसच्या एका उपनगरात तिचं घर. २०२२ च्या ऑगस्टात दाजी गेले. भाचा नोकरीनिमित्त पार दुसऱ्या किनाऱ्याला. 'आता तिथं तिचं आहे कोण?' हा आईचा प्रश्न साताऱ्याच्या घरात दिवेलागणीला रोज ठरलेला. वर्षभर वाट पाहून शेवटी सर्वांनी मला धाडायचं ठरवलं. 'तुम्ही भाषेची माणसं, तुम्हांला नीट बोलता येईल,' असं थोरल्या वहिनी म्हणाल्या. भाषा शिकवणाऱ्याला घरात बोलता येतं, हा गैरसमज कुणी पसरवला कोण जाणे! मी रजा काढली आणि विमानात वहीच्या पानावर व्याख्यानाला काढतो तसे मुद्दे काढले. एक, आईचं वय. दोन, एकटेपणा. तीन, साताऱ्याच्या घरातली माडीवरची खोली.

ताईनं दारातच माझी बॅग घेतली आणि म्हणाली, "बरा वेळेवर आलास. शुक्रवारी निघायचंय. छकडा न्यायचाय."

हा छकडा म्हणजे काय, ते सांगायला हवं. मोटारीच्या मागं जोडून न्यायची एक इवलीशी गाडी. समोरून गोल, मागं निमुळती होत गेलेली. पाण्याचा थेंब आडवा ठेवावा तशी. अमेरिकन लोक तिला अश्रूच्या थेंबाची उपमा देतात, पण दाजींना ती पसंत नव्हती. अशा गाड्या तिथं १९३० नंतरच्या दशकात निघाल्या. दुसरं महायुद्ध संपलं, सैन्यातून माणसं घरी आली, ॲल्युमिनियम पुन्हा बाजारात आलं, आणि लोक आपापल्या अंगणात हातोडी घेऊन बसले. १९४७ साली 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकानं तर घरच्या घरी बांधता येईल अशा गाडीचे नकाशेच छापले. पुढं मोठमोठ्या फिरत्या घरांची चैन आली आणि हे थेंब मागं पडले. मग पुन्हा काही हौशी लोकांनी ते उकरून काढले. दाजी त्या हौशांपैकी. २००६ साली त्यांनी गॅरेजमध्ये सहा महिने खपून ही गाडी बांधली. रुंदी चार फूट, लांबी आठ फूट. का? तर प्लायवूडचा तक्ता चार बाय आठचा मिळतो, म्हणून! आत गादी, उशाशी एक फळी, दोन्ही बाजूंना दोन दारं, उभं राहायला जागा नाही. मागचं झाकण वर उचललं की त्याखाली स्वयंपाकघर: दोन शेगड्या, मिसळणाचा डबा, खालच्या खणात बर्फाची पेटी. स्वयंपाक करणारा मात्र बाहेर, उघड्या आभाळाखाली.

'छकडा' हे नाव दाजींचंच. आमच्या आजोळी एस.टी.च्या थांब्यापासून गावापर्यंत आम्ही छकड्यातून जायचो. दिवाळीच्या सुट्टीत, पहाटेच्या गारठ्यात, कडब्याच्या पेंढीवर घोंगडं पांघरून. ताई पुढं गाडीवानाशेजारी आणि मी मागं, कारण मागं धूळ जास्त. लग्नानंतर ताईनं हे सारं दाजींना इतक्या वेळा सांगितलं असावं, की बिचाऱ्यांनी शेवटी तिला एक छकडा करूनच दिला.

दर नाताळला, कोरोनाचं एक वर्ष सोडलं तर, दोघं तो जोडून डेथ व्हॅलीला जात. २०२२ साली गाडी गॅरेजमध्येच राहिली. दाजी असताना ताईनं ती कधी ओढली नव्हती. ओढणं एक वेळ सोपं. मागं घेणं म्हणजे माणसाच्या बुद्धीची परीक्षा. छकडा डावीकडं जायला हवा असेल तर चाक उजवीकडं फिरवायचं. आणि फिरवलं की लगेच परत आणायचं, नाहीतर गाडी आणि छकडा एकमेकांकडं तोंड करून भांडणाऱ्या जावांसारखी उभी राहतात. दाजी गेल्यावर दर रविवारी सकाळी ताईनं एका बंद पडलेल्या दुकानाच्या पटांगणात एकटीनं हा सराव केला होता. साताऱ्याला आम्ही तिच्या एकटेपणाची काळजी करत होतो तेव्हा छप्पन्न वर्षांची ताई उलटं चाक फिरवत होती.

तळावरची जागा तिनं जूनमध्येच राखून ठेवली होती. मग ऑगस्टात हिलरी वादळाचा शेवटचा तडाखा त्या वाळवंटाला बसला. एका दिवसात २.२ इंच पाऊस. आपल्याकडं एवढ्यावर कुणी छत्रीही उघडणार नाही, पण तिथला तो साऱ्या वर्षाचा पाऊस. रस्ते वाहून गेले, खोरं बंद झालं आणि १५ ऑक्टोबरला ते पुन्हा उघडेपर्यंत ताई रोज बातम्या पाहत होती.

शुक्रवारी निघालो. छकडा मागं असला की कॅलिफोर्नियात ताशी ५५ मैलांच्या वर जाता येत नाही, त्यामुळं साऱ्या जगानं आम्हांला मागं टाकलं. मला ते फार आवडलं. बेकर नावाच्या गावात १३४ फूट उंचीचा तापमापक उभा आहे. १९१३ साली डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट तापमान नोंदलं गेलं, त्याची ही आठवण. तिथं चहा घेताना मी पहिला मुद्दा काढणार होतो. पण ताई छकड्याच्या साखळ्या तपासायला उठली. पुढं रस्ता उतरत गेला, उतरतच गेला. समुद्रसपाटीची पाटी मागं पडली तरी उतरत होता.

तळावर पोचलो आणि परीक्षेची घटका आली. आजूबाजूला दहा-बारा तसलीच बिऱ्हाडं. त्यातले काही जण दाजींच्या वेळेपासून दर वर्षी येणारे. ताई एकटी गाडी चालवीत आलेली पाहून ते आपापल्या खुर्च्यांतून उठले, पण कुणी पुढं आलं नाही. मी मागं उभा राहून हातवारे केले. माझं डावं-उजवं तसंही कच्चं, तिनं दोन वेळा माझं ऐकलं, तिसऱ्यांदा काच खाली करून म्हणाली, "बंड्या, तू बाजूला उभा राहा." चौथ्या खेपेला छकडा खांबाला न लागता जागेवर बसला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनं इंजिन बंद केलं आणि पाच मिनिटं ती गाडीतून उतरलीच नाही. मी उगाच तंबूच्या खुंट्या मोजत राहिलो.

रात्री तिनं गादी घातली तेव्हा मी दारातून डोकावलो. तिच्या बाजूला उशी. दुसऱ्या बाजूला फराळाचे डबे ओळीनं लावलेले: चकल्या, शंकरपाळे, आणि मी साताऱ्याहून आणलेले आईच्या हातचे अनारसे. "हलले की पडतात, म्हणून इथं ठेवते," ती म्हणाली. मी काहीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बॅडवॉटरला गेलो. समुद्रसपाटीखाली २८२ फूट. उत्तर अमेरिकेत याहून खोल जमीन नाही. एरवी तिथं नुसतं पांढरं मीठ पसरलेलं असतं. त्या वर्षी मात्र ऑगस्टातल्या पावसाचं पाणी अजून साचलेलं होतं. मैलोन्मैल पसरलेलं, पण घोटाभर खोल तळं. समोरचं अकरा हजार फुटांचं टेलिस्कोप शिखर त्यात उलटं उभं. माणसं पँटी दुमडून पंढरपूरच्या वाळवंटात उतरावं तशी पाण्यात उतरली होती. हिमयुगात इथं खरोखरीचं विशाल सरोवर होतं. त्याला मॅन्लीचं नाव दिलं आहे, आणि या तळ्यालाही लोक त्याच नावानं ओळखतात. ताई बराच वेळ पाण्यात उभी होती. "इतकी वर्षं आलो, नाताळात इथं पाणी कधी पाहिलं नाही," ती म्हणाली. "ह्यांना दाखवायला हवं होतं."

हा मॅन्ली कोण, ते चोवीस तारखेच्या रात्री कळलं. त्या रात्रीची रीत ठरलेली. अंधार पडला की सगळे आपापल्या गाडीचं मागचं झाकण उघडतात, आत दिवा लावतात आणि एकमेकांची स्वयंपाकघरं पाहत हिंडतात. चाळीतल्या दिवाळीसारखं, ताटं इकडून तिकडं जातात. एका म्हाताऱ्या जोडप्यानं बिडाच्या भांड्यात, खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून सफरचंदाचा गोड पदार्थ भाजला होता. आमची आजी नानकटाई अशीच भाजायची. ताईनं पिठलं केलं आणि छकड्याच्या झाकणाला आकाशकंदील टांगला. हा दाजींचा शिरस्ता: दिवाळीत घरी लावलेला कंदील नाताळ होईपर्यंत उतरवायचा नाही. शेजारच्या पोरांना तो नाताळचाच तारा वाटतो. दत्तजयंती दोन दिवसांवर होती. चांदणं असं, की कंदिलाची गरजही नव्हती.

मग शेकोटीभोवती गोष्ट. ती दर वर्षी दाजी सांगत. त्या रात्री सगळे ताईकडं पाहू लागले. ती आधी अडखळली, मग सांगू लागली. १८४९ सालच्या नाताळात सोन्याच्या शोधात निघालेली माणसं जवळची वाट म्हणून या खोऱ्यात शिरली आणि अडकली. बैल जोडलेल्या गाड्या, त्यांत बायका-मुलं. काहींनी आपल्या गाड्या मोडून जाळल्या आणि त्या जाळावर बैलांचं मांस सुकवलं. दुसऱ्या एका तुकडीनं मुलाबाळांना घेऊन तळ ठोकला, आणि मॅन्ली आणि रॉजर्स हे दोन तरुण मदत आणायला पायी निघाले. अडीचशे मैल. ते परत येतील, याचा भरवसा कुणी द्यावा? एकदा सुटलेला माणूस या खोऱ्यात पुन्हा कशाला येईल? पण सव्वीस दिवसांनी ते अन्नधान्य घेऊन परत आले. गाड्या इथंच टाकून, पोरांना बैलांच्या पाठीवर घालून सगळे बाहेर पडले. नाव मृत्यूचं पडलं, पण त्या साऱ्यांत खुद्द खोऱ्यात मेला तो एकच माणूस.

"आणि नाव पडलं ते पाहुण्यांनी पाडलं," ताई म्हणाली. हे बहुधा तिचं स्वतःचं असावं, कारण एक-दोघांनी चमकून पाहिलं. फर्नेस क्रीकला लागूनच टिंबिशा शोशोनी लोकांची वस्ती आहे. शेकडो वर्षं ते इथले. अमेरिकन सरकारनं २००० साली कायदा करून त्यांना या जमिनीचा काही भाग परत दिला. ज्याला आपण मृत्यूचं खोरं म्हणतो, तिथं त्यांच्या आज्या-पणज्यांनी संसार केले. "ह्यांना हे नाव कधी आवडलं नाही. इथं येताना 'खोऱ्यात जाऊ' एवढंच म्हणायचे."

लोक पांगल्यावर तिनं भांडी आवरली. मी पुसायला फडकं घेतलं. आभाळ इतकं जवळ आलं होतं, की हळू बोलावंसं वाटत होतं. माझे मुद्दे कोटाच्या खिशात होते. पानाची कडा बोटांना लागत होती.

"आईनं काय सांगून पाठवलंय?" तिनं पाठमोरीच विचारलं.

मी ताट पुसलं. मग दुसरं पुसलं. "काही नाही. अनारसे दिले."

"चांगले झालेत," ती म्हणाली, "पण साखर जरा जास्त पडलीय. हात थरथरतो का रे तिचा?"

"थरथरतो."

तिनं झाकण खाली ओढलं आणि कंदील तेवढा बाहेर राहू दिला.

चार दिवसांनी परत निघालो. छकडा जोडल्यावर तिनं मला मागं उभं केलं आणि गाडीतून ओरडून विचारलं, "डावा?" मी म्हटलं, "लागला." "उजवा?" "लागला." "ब्रेक?" "लागला." एवढं एक काम मला बिनचूक जमलं.

बेकरला फोन लागला. साताऱ्याला पहाट होती. आई जागीच होती.

"कधी येतेय ती?"

"मे महिन्यात," मी म्हटलं. कालच ताईनं सांगितलं होतं. "महिनाभर राहील."

"आणि मग?"

"मग परत जाईल, आई. तिला नाताळची जागा जूनमध्ये राखून ठेवावी लागते."

आई काही बोलली नाही. इतका वेळ बोलली नाही, की फोन कटला असं वाटून मी दोनदा पाहिलं. मग म्हणाली, "त्या एवढ्याशा गाडीत थंडी नाही का रे वाजत तिला?"

ताईनं माझ्या हातातून फोन घेतला.