सर्वांत जवळचा थर

माणसाचे मोल त्याच्या पराक्रमावरून ठरवावे की झिजण्यावरून, या प्रश्नाने मला परवा चांगलेच छळले. निमित्त झाले सिलिकॉनच्या एका चकतीचे!

जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराच्या कड्यात प्रोटॉनच्या टकरा होतात. त्यांतून उडालेल्या कणांची पावले सिलिकॉनचे पातळ थर टिपतात. थरावर जेमतेम ०.१ मिलिमीटर रुंदीची घरे असतात. विद्युतभारित कण ज्या घरातून जाईल तिथे विजेचा इवलासा अंश जागा होतो. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू विणकराने धागे मोजून नक्षी उठवावी, तशी त्या ठिपक्यांतून कणाची वाट उमटते. तिथल्या 'सीएमएस' यंत्रात २०१७ साली अशी १२ कोटींवर घरे बसवली गेली. याच यंत्राच्या दुसऱ्या एका भागासाठी आपल्या ट्रॉम्ब्याच्या भाभा केंद्राने सिलिकॉनच्या सुमारे हजार पट्टीदार चकत्या सिद्ध केल्या, हे वाचून या मास्तराची छाती फुगली!

पण पुढचे वाक्य मनाला लागले. टकरीच्या सर्वांत जवळचा थर सर्वांत आधी झिजतो. मारा सोसून सोसून सिलिकॉन थकते, आणि मग तो थर बदलावा लागतो.

मला आई आठवली. घरावरचा प्रत्येक आघात आधी तिच्यावर येई. आम्हां भावंडांपर्यंत पोचे ती नुसती बातमी. यंत्रातला थर बदलता येतो, घरातला कुठून आणायचा? तिची नजर आता पार अधू झाली आहे. तरी मी दारात चप्पल काढली की नुसत्या पावलांवरून ती विचारते, "आज शाळेत काय बिनसलं रे?"