काचेवरची बाई आणि फोनमधली बाई

परवा भाच्याचा फॅमिली ग्रुपवर मेसेज आला. बायकोबरोबर इटलीला चाललाय, तिथे गाडी भाड्याने घेणार आहे, आणि प्रश्न असा की, "मामी, तुमच्याकडचं ते जुनं जीपीएसचं यंत्र घेऊन जाऊ का? की फोन पुरतो?"

अर्ध्या तासात अकरा उत्तरं. त्यातली चार जण आयुष्यात कधी परदेशात गाडी चालवायला बसलेले नाहीत, पण मतं मात्र ठाम! मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि अंगठा दुखायला लागला, म्हणून म्हटलं इथेच सविस्तर लिहावं. बाकीच्यांनाही उपयोग होईल. ज्यांना होणार नाही त्यांनी बाबांचा भाग तरी वाचावा, तो खाली आहे.

तर आम्ही २००७ ते २०१० इंग्लंडमध्ये, रेडिंगला होतो. सुरुवातीचे काही महिने आमची नॅव्हिगेशन सिस्टीम म्हणजे मी. नेटवरून रस्त्याचे प्रिंटआउट काढायचे, मांडीवर घ्यायचे आणि "आता तिसरा एक्झिट.. नाही नाही, हा दुसराच होता" असं ओरडायचं. इंग्लंडमधल्या राउंडअबाउट्सनी जितके संसार हलवले असतील तितके सासवांनी हलवले नसतील. मग एका शनिवारी नवऱ्याने ते यंत्र आणलं. रबरी वाटीने काचेला चिकटणारं, वहीच्या अर्ध्या पानाएवढं. त्यातून एक बाई बोलायची. चुकीचं वळण घेतलं तरी आवाज न चढवता "रिकॅल्क्युलेटिंग" म्हणायची. हे मला काही कधी जमलं नव्हतं. आई (म्हणजे सासूबाई) पहिल्यांदा आल्या तेव्हा दोन तास ऐकून म्हणाल्या, "ही बाई दमत नाही का रे?"

तेव्हा ती चैनीची वस्तू होती. खरं तर ती शक्य झाली तीच मुळी मे २००० नंतर. त्याआधी अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठीच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालायचं. जागा शंभरेक मीटर इकडे तिकडे दाखवली जायची. म्हणजे तुम्ही हायवेवर आहात की शेजारच्या शेतात, हेच नक्की नाही. क्लिंटनसाहेबांनी ती चूक बंद करायला लावली आणि मग गार्मिन, टॉमटॉमवाल्यांचे सोन्याचे दिवस आले. ते टिकले थोडेच. ऑक्टोबर २००९ मध्ये गूगलने अँड्रॉइड फोनवर वळणावळणाला सांगणारं नॅव्हिगेशन चक्क फुकट देणार असं जाहीर केलं आणि त्या दोघांचे शेअर धाडकन आपटले. आमची काचेवरची बाईसुद्धा यथावकाश पुण्याच्या कपाटात, जुन्या चार्जरांच्या डब्यात गेली.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं की "फोनला नेट नसेल तर जीपीएस चालत नाही." हा गैरसमज मी इतक्या शिकल्यासवरल्या लोकांकडून ऐकलाय की आता चिडत पण नाही. उपग्रह साधारण वीस हजार किलोमीटर उंचावरून आपापली वेळ आणि जागा सांगत राहतात. तुमचा फोन फक्त ऐकतो, त्याला उलट काही पाठवावं लागत नाही. चार उपग्रह ऐकू आले की तो हिशोब मांडतो. म्हणजे रेडिओसारखं. रेडिओला कुठे सिमकार्ड लागतं? नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला आणि ट्रॅफिक कळायला. नेट असलं तर पहिल्यांदा जागा सापडते पटकन, एवढंच. उलट आजचा फोन अमेरिकन उपग्रहांबरोबर रशियन, युरोपियन, चिनी असे सगळेच ऐकतो, तेव्हा या बाबतीत आमचं जुनं यंत्र त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

नकाशा आधीच उतरवून ठेवला की झालं. गूगल मॅप्सवर ही सोय, तीही वळणं सांगण्यासकट, नोव्हेंबर २०१५ पासून आहे. आयफोनच्या स्वतःच्या मॅप्सला मात्र ती सुचायला सप्टेंबर २०२३ उजाडला. निघायच्या आधी घरच्या वायफायवर पूर्ण भाग उतरवून घे रे बाबा, विमानतळाच्या रांगेत उभा राहून नको. आणि हे लक्षात ठेव की ऑफलाइन असताना गूगल एकच रस्ता सांगतं. ट्रॅफिक नाही, दुसरे पर्याय नाहीत. हे पुढे येणार आहे.

फोनचा खरा त्रास वेगळाच. तो फोन असतो! आमच्या आत्याबाईंना भारतातून नेमका राउंडअबाउटच्या तोंडावर व्हिडिओ कॉल करायची सिद्धी प्राप्त आहे. नकाशा गायब, आणि काचेवर आत्याबाईंचं कपाळ. उन्हात काचेला लावलेला फोन तापतो, मंद होतो, कधी कधी बंदच पडतो. जुनी बाई निदान एकच काम करायची. तेव्हा "डू नॉट डिस्टर्ब" लावणे, एसीच्या झोताजवळ अडकवायचा होल्डर घरूनच नेणे. हातात धरून बघणे तर अजिबात नाही. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ पासून गाडी चालवताना फोन कुठल्याही कारणासाठी हातात धरला तरी दंड आहे, आणि बाकीचा युरोपही याबाबतीत काही फार मायाळू नाही. भाड्याच्या गाडीच्या स्क्रीनला फोन जोडता आला तर उत्तमच, फक्त परत करताना गाडीतून आपला फोन डिलीट करायचा. आम्हाला एकदा आधीच्या माणसाची सगळी फोनबुक वाचायला मिळाली होती. (वाचली नाही. फार.)

इटलीसाठी खास दोन गोष्टी. एक, तिथल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी "झेडटीएल" नावाचे भाग असतात. परवानगीशिवाय गाडी आत नेली की कॅमेरा फोटो काढतो, दंड काही महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर येतो, आणि तुमचा पत्ता पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीवाले वेगळे पैसे कापतात ते निराळेच. फोनमधली बाई तुला आत नेणार नाही याची खात्री नाही. पांढऱ्यावर लाल गोल दिसला की थांबायचं. पाटीवर "वार्को आत्तीवो" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ रस्ता चालू आहे असा नाही, बंदी चालू आहे असा! हॉटेल आत असेल तर त्यांना गाडीचा नंबर आधी कळवायचा. दोन, जागेचं नाव दोनदा तपासायचं. २००९ मध्ये एक स्वीडिश जोडपं काप्री बेटावर जायला निघालं आणि कार्पी नावाच्या गावात पोचलं. दोन अक्षरांची अदलाबदल, आणि सहाशेहून जास्त किलोमीटरचा फरक. काप्रीला जायला बोट लागते हेही त्यांच्या लक्षात आलं नाही म्हणे. आइसलंडमध्ये २०१६ साली एका अमेरिकन माणसाच्या बुकिंगवर रस्त्याच्या नावात एक "आर" जास्त पडला होता. रेक्याविकच्या हॉटेलात जाण्याऐवजी तो बर्फातून पाच-सहा तास गाडी हाकत देशाच्या पार उत्तर टोकाला गेला. दोन्हीकडे यंत्राने सांगितलं ते अगदी बरोबर होतं. विचारलं ते चुकीचं होतं.

आणि हो, स्वित्झर्लंडला उतरणार असशील तर स्पीड कॅमेऱ्यांची सूचना देणारं ॲप बंद ठेव. तिथे ते बेकायदा आहे. शिवाय स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, त्यामुळे इटलीत घेतलेलं सिम तिथे चालेलच असं नाही, ते बघून घे.

आता मामाचं मत तू ग्रुपवर वाचलंसच, "जुनं यंत्र न्यावंच." त्याचं कारण सप्टेंबर २०२३ मधली आमची स्कॉटलंडची ट्रिप. आई, बाबा, आम्ही दोघं. तेव्हा नवऱ्याने कपाटातून ती बाई बाहेर काढली, "डोंगरात रेंज नसते" म्हणून. बॅटरी मेलेली, सिगारेट लायटरच्या भोकात वायर खुपसली तरच जिवंत.

एडिंबरामधून उत्तरेला निघालो आणि फोर्थच्या खाडीवर आलो. तिथला नवा क्वीन्सफेरी पूल २०१७ मध्ये सुरू झालाय. बाईच्या नकाशात तो नाहीच. आम्ही पुलावरून चाललोय आणि स्क्रीनवर आमची गाडी निळ्याशार पाण्यातून पोहत पोहत पलीकडे निघालेली! आई मागून म्हणाल्या, "बघू बघू", आणि पूल संपेपर्यंत हसत होत्या.

शिवाय बाईला तारीख कळत नव्हती. ती म्हणत होती, जानेवारी २००४. याचं कारण नवऱ्याने नंतर शोधून काढलं. जीपीएसच्या सिग्नलमध्ये आठवड्यांचा नंबर १०२४ पर्यंत मोजला जातो आणि मग शून्यावर येतो. असा शून्य एप्रिल २०१९ मध्ये आला, तेव्हा काही जुनी यंत्रं साडेएकोणीस वर्षं मागे गेली. त्यामुळे आमच्या बाईच्या हिशोबाने स्कॉटलंडमध्ये कडाक्याची थंडी चालली होती, आणि साडेपाचला लख्ख उन्हात ती स्क्रीन काळी करून रात्रीच्या रंगात जायची. मात्र हायलँड्समधले रस्ते तिला तोंडपाठ होते, कारण तिथे पंधरा वर्षांत बदललंय काय? मेंढ्या बदलल्या असतील.

बाबांबद्दल लिहायचं तर.. बाबा पीडब्ल्यूडीतून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. सातारा-रत्नागिरीकडच्या घाटांमध्ये उमेदीची सगळी वर्षं गेली. २०१९ मध्ये बायपास झाली आणि त्यांनी आपणहून गाडीच्या किल्ल्या नवऱ्याच्या हातात दिल्या. तेव्हापासून ते मागे बसतात. आणि मागे बसलेल्या माणसाला आजकाल कोणी रस्ता विचारत नाही, कारण पुढे बाई आहे. पूर्वी कोल्हापूरला जाताना बाबा सांगायचे, इथून आत वळ, हा रस्ता माझ्या हातचा आहे. आता "बाबा, मॅपवर लाल दाखवतंय" म्हटलं की विषय संपतो. ते काही बोलत नाहीत. खिडकीबाहेर बघतात.

इन्व्हरनेसला त्यांनी ट्रिपमधली स्वतःची एकुलती एक खरेदी केली. ऑर्डनन्स सर्व्हेचा कागदी नकाशा, एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. "यांची संस्था १७९१ ची. आपलं सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ चं, चोवीस वर्षं आधीचं," हे दुकानदाराला सांगून मगच पैसे दिले.

आम्हाला ॲपलक्रॉसला मुक्कामाला जायचं होतं. वाटेत टॉर्नप्रेस म्हणून जागा आहे, तिथे फोनमधली बाई म्हणाली डावीकडे वळा, पस्तीस मिनिटं. रेंज केव्हाच गेली होती, ऑफलाइन नकाशावर चाललो होतो, म्हणजे पर्याय वगैरे काही नाही. काचेवरची बाई पण म्हणाली डावीकडे. दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. वळणावर एक मोठी पाटी. रस्ता दोन हजार फुटांच्या वर चढतो, चढ एकास पाच, हेअरपिन वळणं, शिकाऊ चालकांनी जाऊ नये. हा ब्यालाख ना बा, म्हणजे गुरांची खिंड. नवऱ्याला तोच रस्ता हवा होता, महिनाभर त्याचे व्हिडिओ बघून झाले होते.

"थांब जरा," बाबा मागून म्हणाले. नकाशा मांडीवर उघडलेला. "यात रस्त्यावर बाण काढलेत बघ. हे चढाचे बाण. एकास पाच! आम्ही घाटात एकास वीसच्या वर गेलो तर साहेब कारण विचारायचे. तुझ्या आईला नको."

"बाबा, फोन पस्तीस मिनिटं म्हणतोय. दुसरीकडून सव्वा तास लागेल."

"लागू दे."

आंबेनळी घाटात आईंची काय अवस्था होते ते सगळ्यांना माहीत आहे. पण आई गप्प. मीही गप्प. मागे एक कॅम्पर व्हॅन येऊन उभी राहिली. नवऱ्याचा हात इंडिकेटरवर, आणि तो आरशातून बाबांकडे बघत होता. मला वाटतं खूप वेळ, पण असतील चार-पाच सेकंद. मग त्याने इंडिकेटर बंद केला आणि गाडी सरळ घेतली, शील्डेगच्या दिशेने.

पुढचे कितीतरी मैल फोनमधली बाई परत फिरा, परत फिरा म्हणत राहिली. शेवटी नवऱ्याने तिचा आवाज बंद केला. काचेवरचीची वायरच काढली. "बाबा, सांगा." आणि बाबांनी सांगितलं. आता उजव्या हाताला समुद्र येईल. आता ओढा, त्यावर पूल. आता एकेरी रस्त्याला चढ आहे, समोरून कोणी आलं तर इथे थांबायची जागा बघून ठेव. आई निम्म्या रस्त्यात झोपून गेल्या. सव्वा नाही, दीड तास लागला, कारण बाबांनी दोनदा गाडी थांबवून दरड कशी बांधलीय ते बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मला जाग आली तर खोलीबाहेर गाडी नाही. आई म्हणाल्या, "दोघं गेलेत तो रस्ता बघायला. मी नसले की यांना चालतं." आम्ही दोघी किनाऱ्यावर एक चक्कर मारून आलो, चहा घेतला, दुसऱ्यांदा घेतला. साडेनऊला गाडी आली. बाबा उतरले ते थेट खुर्चीत बसले आणि आदल्या रात्रीच्या बिलाच्या पाठीमागे हेअरपिन काढायला लागले. "वळणावर चढ कमी करायचा असतो, ग्रेड कॉम्पेन्सेशन म्हणतात. यांनी नावालाही दिलेलं नाही. पण काय जागेवरून काढलाय रस्ता!"

नवऱ्याला हळूच विचारलं, फोन लावला होतास का? म्हणाला, नाही, वर रेंज कुठे होती. बाबाच सांगत होते.

ऑफलाइन नकाशा फोनमध्ये होता की, पण ते मी बोलले नाही.