शेगडी आणि स्लॅबचं घर

परवा भाचीने विचारलं, "मामा, शेगडी घरात का नाही आणायची?" आणि मी क्षणभर गप्पच झालो...

कन्नडला आम्ही नवीन घर बांधलं, त्याच हिवाळ्यात बहीण बाळंतपणाला आली होती. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायचीच. थंडी झोंबत होती, म्हणून आईने खिडक्याही घट्ट लावल्या. पहाटे बहिणीची हाक आली, "दादा, डोकं जड झालंय, मळमळतंय." आईलाही गरगरत होतं. सगळ्यांना आधी अंगणात आणलं, मग दवाखान्यात नेलं. थोडक्यात निभावलं.

आई म्हणत राहिली, "अरे, पण धूर तर नव्हता! निखारे चांगले फुलले होते." तिचं खरंच होतं. पण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

मग आजीच्या वेळी कसं काही झालं नाही? त्या घराला कौलं होती, फटी होत्या, वारा आपोआप खेळायचा. आम्ही स्लॅब टाकला, सरकत्या खिडक्या बसवल्या आणि सवयी मात्र जुन्याच आणल्या.

आता शेगडी अंगणातच. शेक हवा असेल तर कापड तिच्यावर गरम करून आत न्यायचं. निखारा उंबऱ्याच्या आत येत नाही.

भाचीला एवढंच सांगितलं, "तू बाळ होतीस ना, तेव्हा एकदा आणली होती."