भूमितीचा वर्ग

विद्येच्या वाटेवरील अडथळ्यांपैकी दारिद्र्य आणि आजार यांच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु विद्यार्थी शिकावयास सिद्ध असताना आणि शिकविणारा शिक्षक त्याच इमारतीत हजर असताना, 'हा विषय तुझ्यासाठी नव्हे' असे सांगून शाळाच जेव्हा दार लावून घेते, तेव्हा होणारी हानी कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही.

माझ्या बाबतीत तो विषय भूमितीचा होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात आमच्या तालुक्याच्या गावी हायस्कुलातील मुलांनी बीजगणित-भूमिती आणि मुलींनी सामान्य अंकगणित व गृहशास्त्र घ्यावे असा शिरस्ता होता. बीजगणित-भूमितीवाचून पुढे सायन्सची वाट बंद होते हे ठाऊक असूनही तो मोडावा असे कोणास वाटले नव्हते. वडिलांनी दिलेला अर्ज 'मुलीची सोय नाही, सबब नामंजूर' असा शेरा घेऊन परत आला. वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते. त्यांनी तक्रारीचा एक शब्दही न लिहिता दुसरा अर्ज केला, आणि त्यात एवढेच मागितले, की मुलीस सहामाहीपर्यंत वर्गात बसू द्यावे व गुण पाहून काय तो हुकूम व्हावा.

निकालाची वाट पाहण्याच्या त्या दिवसांत दादाने मला त्रिकोणाचा सिद्धांत शिकविला. तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन का, हे कितीही पाहिले तरी आकृती सांगत नव्हती. मग दादाने शिरोबिंदूतून पायाला समांतर अशी एक रेषा पाटीवर ओढली, आणि पायाचे दोन्ही कोन जणू वर येऊन तिसऱ्याच्या दोन बाजूंना बसले व एक सरळ रेषा पुरी झाली. सत्य कोणाच्या अधिकाराने नव्हे, तर पुराव्याने सिद्ध होते, ही जाणीव मला त्या पाटीने दिली. दुसरा अर्ज मंजूर झाला. सहामाहीनंतर मला वर्गातून उठविण्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

पुढे वाचन वाढले तेव्हा या नकाराची भयंकर रूपे दृष्टीस पडली. 1907 साली मॅट्रिक झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत हवे असता फारसी घ्यावी लागली, कारण अस्पृश्य विद्यार्थ्याला संस्कृत शिकविण्यास शिक्षकच तयार नव्हते. पुढे स्वतःच्या परिश्रमाने त्यांनी ती भाषा आत्मसात केली. त्या अन्यायाशी माझ्या अर्जाची तुलनाच होऊ शकत नाही. मला निदान परीक्षा तरी मिळाली, त्यांच्या वाट्यास तीही येऊ दिली गेली नाही. 1933 साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत गेल्या, तेव्हा सर चंद्रशेखर रामन यांनी स्त्री म्हणून त्यांस प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर काम पाहण्याच्या अटीवर घेतले. कामानेच ती अट निकालात काढली, आणि 1939 साली केंब्रिजने त्यांना डॉक्टरेट दिली.

मी गणिताची शिक्षिका झाले आणि कालांतराने एका शाळेची मुख्याध्यापिका. कठीण विषय मागणाऱ्या मुलाचे मागील गुण कमी असोत, घरी पुस्तक नसो, सहशिक्षकांचा विरोध असो, मी वडिलांचीच तजवीज कायम ठेवली: सहामाहीपर्यंत वर्ग खुला. काही मुलांनी विषय सोडला, परंतु तो काय आहे हे पाहून, स्वतःच्या निर्णयाने सोडला; आणि ज्यांच्याविषयी आम्हा कोणासच भरवसा नव्हता अशी कितीतरी टिकली. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून माझी खात्री झाली आहे, की पात्रता ही वर्गात बसल्यावर, चुकत आणि सुधारत घडणारी गोष्ट आहे. ती आधी सिद्ध करून मग आत या असे मुलास सांगणे, हे साध्यालाच पक्ष मानून सिद्धता मागण्यासारखे आहे. मागणाऱ्या मुलाला वर्गात बसविणे हे शाळेचे औदार्य नव्हे. ते तिचे कर्तव्य आहे.