डोक्यात हवा गेली म्हणतात, तेव्हा

बीजिंग, ११ ऑगस्ट २००८. दहा मीटर एअर रायफलच्या फायनलमध्ये शेवटच्या शॉटआधी अभिनव बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हाकिनेन बरोबरीत होते. हाकिनेनचा शॉट ९.७ वर गेला, अभिनवने १०.८ मारला. भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण. आयुष्यातला सगळ्यात मोठा मानसिक पेच आपल्याला या यशानंतर पडला, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितलं.

खेळाडूंसोबत काम करणाऱ्या माझ्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञाला याचं नवल वाटत नाही. त्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. अथेन्सला २००४ मध्ये पायाखालची फरशी सैल होती हे कळल्यावर अभिनवने घरच्या रेंजवर तशीच डगमगती फरशी बसवून सराव केला होता. झोप, जेवण, शाळा, मैत्री, सगळं ज्या एका गोष्टीसाठी बेतलं, ती मिळाली की दुसऱ्या दिवशी सकाळी उठायचं कशासाठी?

आपल्याकडे त्यात गुलाल, उघडी जीप आणि फ्लेक्स. ते ओसरलं की पोरगा सरावाला येईनासा होतो, फोन उचलत नाही. तालमीपासून अकादमीपर्यंत निदान ठरलेलं: याच्या डोक्यात हवा गेली. वस्ताद बोलणं टाकतात. त्यालाही ते पटतं, कारण आपण आजारी आहोत यापेक्षा आपण माजलोय हे मानणं कमी लाजिरवाणं असतं.

खरोखर हवा गेलेला सहसा गाढ झोपतो, चारचौघांत मिरवतो. नैराश्यातला बहुतेक वेळा पहाटे तीनलाच जागा होतो आणि पदकाचा विषय निघाला की उठून जातो. अतिसरावानेही असाच थकवा येतो, भूक मंदावते. म्हणून मी रक्ततपासणी आणि सरावाची वही पाहिल्याशिवाय नैराश्याचा शिक्का मारत नाही.

औषधांत तर फारच घोटाळे होतात. छाती धडधडते, हात थरथरतो म्हटलं की एखादा डॉक्टर सहज प्रोप्रानोलॉल लिहून देतो. नेमबाजी आणि तिरंदाजीत त्यावर बंदी आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही, कारण त्याने हात स्थिर होतो. उलट नैराश्यावरची नेहमीची एसएसआरआय गटातली औषधं बंदीच्या यादीत नाहीत. तीच नेमकी खेळाडू बॅगेच्या तळाशी लपवतात. निवड समितीच्या कानावर जाईल ही भीती. ती अगदीच खोटी आहे असंही मला म्हणवत नाही.

मी कोचना सांगून ठेवलंय: निकाल काहीही लागो, मोठ्या स्पर्धेनंतर दोन-तीन आठवड्यांनी खेळाडूला माझ्याकडे पाठवा. हरलेले येतात, बहुधा आईबरोबर. जिंकलेल्याच्या घरून फोन येतो, "डॉक्टर, पुढच्या महिन्यात बघू या का? या आठवड्यात तालुक्याला सत्कार आहे."